सैल झालेली

येलदरीच्या भिंतीखाली, जिथं पूर्णेचं पाणी
धरणातून सुटल्यावर दगडांशी जरा थबकतं,
तिथं धुरपतामाय विळी मांडून बसायची.
कटल्याचं पोट चिरताना घाई नाही.
"आधी बोटानं विचारावं," म्हणायची,
"मग पात्यानं."

आतून निघायच्या दोन पिवळ्या जुड्या,
पातळ कातडीत गच्च, वर रक्ताच्या बारीक रेघा,
दाणा भरत आलेल्या जवारीच्या कणसासारख्या,
हुरड्याला अजून आठवडा असलेल्या.
मीठ-हळदीच्या पाण्यातून हलक्या हातानं काढायच्या.
कातडं फाटलं की
सगळं गाव तव्यावर सांडतं.

धड जुडी घरची.
उकडून घट्ट झाली की सुरीनं वड्या,
काळं तिखट, जवारीचं पीठ, करडीचं तेल.
उरलेला चुरा अंबाडीच्या भाजीत.
आंबट त्याला सोसतं, गोड सोसत नाही,
कांदा घालायचा तर जपून.
मला सातवा महिना होता तेव्हा
ताटात माझ्याच वाटणीला सहा वड्या,
आणि माय भाकरीवर नुसतं तेल पुसून घेत होती.
मी विचारलं तर म्हणाली, मला वास येतो त्याचा.
आयुष्य गेलं होतं तिचं त्या वासात.

फुटकी, काळवंडलेली ती गळाची.
जाड मीठ चोळून एक दिवस सावलीत,
मग ती चिकटते, बोटाला सोडत नाही.
मच्छरदाणीच्या तुकड्यात बोराएवढी पुरचुंडी,
शिवणाच्या दोऱ्याचे तीन वेढे, गाठ दातानं.
अंधार पडला की शिंगाडा त्या वासावर येतो.
"त्याला डोळे नावाला," सटवामामा सांगायचा,
"तो मिशांनी वाचतो."
एकदा मच्छरदाणी संपली
तर मायनं त्याच्या मलमलच्या फेट्याचं टोक कापलं.
वर्षभर मामा उंदराला शिव्या देत होता.
त्या फेट्यावर अकरा शिंगाडे आले. मी मोजले होते.

पण आषाढात एकदा
जाळ्यात आली एक रोहू, अजून तडफडणारी.
मायनं पोटावर अंगठा नुसता ठेवला
आणि अंडी आपोआप वाहायला लागली,
सुटी, काचेसारखी, तिच्या मनगटावरून.
तिनं विळी आडवी केली.
गुडघाभर पाण्यात गेली लुगड्यासकट,
मासळी पाण्याखाली धरली, हात ढिला केला.
मनगटावरचीही धुतली तिथंच, एक एक.
"गच्च आहे तोवर आपली," म्हणाली.
"सैल झाली की तिची वाट ठरली."
त्या दिवशी घरात पिठलं होतं.
मामा काही बोलला नाही. मिरची मात्र दोनदा मागितली.

पुढं कितीतरी वर्षांनी
मत्स्यबीज केंद्रातल्या साहेबांना मी हे सांगितलं.
ते हसले. वाईट नव्हते हसले.
"बाई, मासळी सोडली ते ठीक,
पण मनगटावरची अंडी धुऊन काय होणार?
नराचं पाणी पडल्याशिवाय त्यातून काही निघत नाही.
दुसरे मासे खाऊन टाकतात."
मी हो म्हणाले.
परत येताना एसटीत विचार करत राहिले:
म्हणजे मायनं त्या दिवशी
गळ न लावता आमिष टाकलं होतं.
आता हे तिला कुठं सांगू.

काल नांदेडहून लेकीचा फोन.
तिनं बाजारातून गाबोळी आणली आहे, पहिल्यांदाच,
तवा तापलाय, आणि फोन हातात.
"किती वेळ ठेवू?"
मिनिटं मला येत नाहीत.
म्हटलं, आधी बोटानं दाबून बघ, गच्च आहे का?
आहे म्हणाली.
मग झाकण ठेव, तोंड बाजूला घे,
ती फुटते, उडते, डोळ्यात जाते.
पलीकडून तडतड ऐकू आली,
एक शिवी, मग हसणं,
मग बराच वेळ नुसतं तेल.